फक्कीच्या भिंती

हौशीरामाविषयी टाकव्यात एक गोष्ट पोराटोरांनाही ठाऊक होती. हा माणूस घर बांधायच्या आधीच लोकांना घरात राहायला लावतो. पाया नाही, जोतं नाही, छप्पर म्हणाल तर थेट आभाळ. तरी घरची माणसं उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत त्या घरात राहायची, तीन दगड मांडून स्वयंपाक करायची, जेवायची, दुपारी लवंडायची आणि सवडीने भांडायचीही. घर कशाचं, तर चुन्याच्या पांढऱ्या फक्कीचं. जमिनीवर ओढलेल्या रेघा, बस्स. बाहेरगावच्या माणसाला वाटायचं की पोरांचा खेळ मांडलाय. पण पोरांच्या खेळात म्हातारी माणसं कशाला बसतील, आणि तीही इतकी गंभीर तोंडं करून?

हे वेड हौशीरामाचं स्वतःचं नव्हतं. ते त्याला लोणावळ्यात लागलं, आणि लावलं धैर्यवान मास्तरांनी.

गजानन मोरोबा धैर्यवान हे मूळचे मुंबईचे. तिथं ते इमारती कशा आखाव्यात, कशा बांधाव्यात ते शिकवत. पहिलं महायुद्ध पेटलं त्या सुमाराला त्यांच्या छातीनं दगा दिला, आणि डॉक्टरांनी त्यांना हवा बदलायला लोणावळ्याला धाडलं. एका पारशी शेटच्या बंगल्याची मागची पडवी त्यांना मिळाली. आले होते विश्रांतीला, पण शिकवण्याची खोड काही हवेनं जात नाही. वर्ष सरायच्या आत पडवीत वर्ग भरू लागला. रेल्वेतले दोघेतिघे ओव्हरसियर, गवंड्यांची मुलं, मुंबईहून सुटीला येणारे त्यांचे जुने विद्यार्थी, असा सगळा मेळ होता. त्या वर्गात हौशीरामाचं नाव कुणी घातलं नव्हतं. तो शेटच्या घोड्यांसाठी गवताची गाडी घेऊन आला होता.

गवत उतरवून तो पाणी मागायला मागच्या अंगाला गेला, तर पडवीत सगळी मंडळी डोळे मिटून बसलेली. त्याला वाटलं, भजनाच्या आधीची शांतता असेल. लोकरीची कानटोपी घातलेले एक किडकिडीत गृहस्थ मधोमध बसले होते. तेही डोळे मिटूनच म्हणाले, "कोण आलंय? बसा. डोळे मिटा."

हौशीराम बसला. केसांत गवताच्या काड्या, बैल दारात उभे.

"आता आपापल्या घरी जा," मास्तर म्हणाले. "मनानं नका जाऊ, मन लबाड असतं. पायांनी जा. दारापाशी आलात? आत शिरा."

आणि हौशीराम खरोखर टाकव्याला गेला. ओढा ओलांडला, बांधावरून गेला, अंगणातल्या तुळशीला वळसा घातला. दारापाशी आल्यावर त्यानं मान खाली घातली, कारण घराची चौकट बुटकी होती आणि लहानपणापासून दोनचार टेंगळं खाऊन त्याची मान शहाणी झाली होती. पडवीत कुणीतरी खुदकन हसलं. त्यानं डोळे उघडले तेव्हा सगळे त्याच्याकडे बघत होते. हसणारा होता शांताराम अजिंक्य, मुंबईचा, गोरागोमटा, पँटीतला मुलगा. मास्तर मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, "उद्या पुन्हा ये. बैल आणले नाहीस तरी चालेल."

तो पुढं दोन वर्षं जात राहिला. कामशेतपर्यंत चालत, तिथून गाडीनं लोणावळा. घरच्यांना सांगायचा की गवताचं गिऱ्हाईक बघायला चाललोय. त्याचं अक्षर जेमतेम होतं, नकाशा काढताना हात थरथरायचा, पण जमिनीवर फक्की ओढायला बसला की रेघ अशी सरळ जायची की शांताराम कपाळाला हात लावायचा. शांताराम कागदावर काढी, हौशीराम तेच मातीवर मोठं करी, आणि मग मास्तर सगळ्यांना त्यात राहायला लावत. दोघांची जोडी जमली. शांताराम त्याला आपल्या डब्यातली सांदणं देई आणि हौशीराम त्याला झाडावर कसं चढायचं ते शिकवी. त्यातलं दुसरं काही शेवटपर्यंत जमलं नाही.

मास्तरांचा नियम एकच, आणि तो मोडलेला त्यांना बिलकूल खपायचा नाही. रेघ म्हणजे भिंत. येणं-जाणं दारानंच. "भिंतीतून आरपार जाणारा एक तर भूत असतो, नाही तर कंत्राटदार," ते म्हणत आणि मग स्वतःच खोकल्याची उबळ येईपर्यंत हसत. पहिले काही दिवस विद्यार्थी विसरायचे, बोलता बोलता रेघेवरून पाऊल टाकायचे. मास्तर त्यांना मागं पाठवायचे. नुसतं रेघेमागं नव्हे, पार फाटकापर्यंत. महिनाभरात पायांना अशी सवय लागली की घाईत असला तरी माणूस दाराकडून वळसा घालून येई.

मग मानमोडीच्या तापाची साथ आली. घराघरांतून माणसं गेली. हौशीरामाचा थोरला भाऊ तीन दिवसांत गेला आणि औत, बैल, खाचरं सगळं याच्या अंगावर पडलं. लोणावळा तुटलं. दाढी वाढवून तो गुमान नांगरामागं चालायचा, आणि मनात पडवी आली की बैलांवर ओरडायचा.

एके सकाळी शेताच्या बांधाशी बैलगाडी थांबली. कानटोपी, मफलर, अंगावर घोंगडी, आणि त्यातून बाहेर आलेलं मास्तरांचं नाक.

"तू येईनास," मास्तर म्हणाले, "म्हणून वर्ग इकडे आणला."

गाडीत फक्कीची पाटी होती. घरात माणसं कमी झाली होती तरी रडायला एक कोपरा मिळत नव्हता, इतकं ते घर दाटीचं. नवं घर हवंच होतं. मास्तरांनी गावाबाहेरच्या माळावर हौशीरामाकडूनच आखून घेतलं आणि सगळ्या कुटुंबाला आत बसवलं. नंदाबाई तेव्हा नवी नवरी होती. सासऱ्यापुढं डोईवरचा पदर ढळू द्यायचा नाही, मोठ्यानं बोलायचं नाही, हे तिला शिकवून पाठवलेलं. ती फक्कीच्या स्वयंपाकघरात चुलीपाशी बसली. सासरा पलीकडं फक्कीच्या ओटीवर. मध्ये पांढरी रेघ, आणि अख्खा गाव भोवती उभा राहून दात काढतोय.

सकाळभर ती पदर ओढून बसली. दुपारी भाकऱ्या करता करता घामानं निथळली, आणि केव्हातरी तिला ती भिंत खरी वाटू लागली असावी. तिनं पदर खांद्यावर टाकला, केस सोडून पुन्हा बांधले आणि माहेरचं गाणं गुणगुणायला लागली. सासरा चार हातांवर होता, सगळं दिसत होतं, ऐकू येत होतं. त्याला पाणी हवं होतं. म्हातारा उठला, ओटीवरून खाली उतरला, वळसा घालून स्वयंपाकघराच्या दाराशी गेला, आणि तिथं थांबून खाकरला. नंदाबाईनं झटकन पदर घेतला. गावाचं हसणं जागच्या जागी थांबलं.

"बघितलंस?" मास्तर हौशीरामाच्या कानाशी म्हणाले. "भिंत उभी राहिली. आता दगडमाती काय, कुणीही लावील."

त्या दिवसानंतर हौशीराम शेतकरी राहिला आणि गवंडीही झाला. भात निघालं की तो फक्कीची पाटी घेऊन निघायचा. टाकवे, कामशेत, डोंगरावरच्या वाड्या. मास्तरांची छाती बरी असेल तेव्हा तेही यायचे, बसत उठत, दर वळणावर दम खात. उंबराच्या वाडीत वावटळीनं कोंडूचं खोपट उडवून दरीत टाकलं तेव्हा तर ते हट्टानं डोंगर चढले. कोंडू जातीनं महादेव कोळी, बायको कमळाबाई. त्यांच्यासाठी दोन खणांचं घर आखलं. संध्याकाळी सगळे उठले, पण कमळाबाई काही उठेना.

"म्या हितंच ऱ्हाते," ती म्हणाली. "आसं ऐसपैस घर कवा मिळालं न्हाई. भिंती नसल्या तरी चालंल."

तिच्याभोवतीच भिंती बांधाव्या लागल्या. तोवर तिनं त्या रेघांत संसार केला, आणि मास्तरांचा नियम त्यांच्याहून कडक पाळला. कोंडू एकदा भिंतीतून आत आला तर त्याला परत पाठवला. बकरं तसंच आलं तर त्याच्या पाठीत लाकूड घातलं. मास्तर खाली उतरताना वाटभर हसत होते आणि सांगत होते की इतकी वर्षं शिकवलं, पण पैकीच्या पैकी गुण द्यावेत अशी एवढी एकच भेटली.

अशी बरीच वर्षं गेली. हौशीरामाला ती वर्षं आठवायची ती धुक्यातून आठवल्यासारखी. कुठलं घर आधी, कुठलं नंतर, ते लागायचं नाही. माळामाळांवरची पांढरी घरं एकात एक मिसळायची. कधी कधी भर दुपारी बांधावर डोळा लागला की तो त्या सगळ्या घरांतून हिंडायचा. या दारानं आत, त्या दारानं बाहेर, कुठं चुलीवर काही शिजतंय, कुठं म्हातारं खाकरतंय, आणि शेवटच्या घरात मास्तर कानटोपी सारखी करत बसलेले. जागा झाला की वाऱ्यानं फक्की उडून जावी तसं सगळं जायचं.

मास्तर एका भाच्याच्या लग्नाला मुंबईला गेले ते परत आलेच नाहीत. लोणावळ्याला बातमी आली तेव्हा सगळं आटोपलं होतं. हौशीराम पडवीत गेला. खुंटीला मफलर होता, कोपऱ्यात फक्कीची रिकामी पाटी. रडावं असं वाटलं, पण मेलेला माणूस दिसलाच नाही तर रडायचं कुणाकडं बघून? तो तसाच माघारी आला.

पुढच्या चारपाच वर्षांत त्याच्या मनाला एक किडा लागला. मास्तरांचे विद्यार्थी पांगले. कुणी कराचीला, कुणी नागपूरला. ते मोठमोठ्या इमारती उठवतात असं कानावर यायचं. तिथं फक्की ओढून कोण बसणार? इकडं दुसरं महायुद्ध सुरू झालं, त्याचा मुलगा बजरंग देहूरोडला लष्कराच्या कामावर लागला. त्याच्यापुढं विषय काढला की तो म्हणायचा, "आबा, आता समदं शिमिटानं व्हतंय. रेघंत बसायला कुनाला येळ हाय?" पोरगं वाईट नव्हतं, खरं तेच बोलत होतं. हौशीरामाला वाटायचं, मास्तर आता उरलेत ते आपल्याजवळ. आपण गेलो की ते दुसऱ्यांदा मरतील आणि या खेपेला कायमचे. हे तो कुणाला बोलला नाही, फक्त नंदाबाईला ते कळत होतं, कारण तो झोपेत दारानं आत-बाहेर केल्यासारखे पाय हलवायचा.

आणि अशात एक दिवस शांताराम अजिंक्य टाकव्यात आला. आता तो अजिंक्यसाहेब होता. केस पांढरे, चष्मा सोनेरी, मुंबईत त्यानं आखलेल्या इमारतींना लिफ्ट होती. पण ओटीवर बसल्या बसल्या त्यानं नंदाबाईच्या हातची भाकरी मागून घेतली आणि ठेचा खाऊन डोळ्यांतून पाणी काढलं.

"मास्तरांचं स्मारक करायचंय," तो म्हणाला. "सगळ्यांनी ठरवलंय. शेटच्या मुलानं बंगल्याच्या पुढचा कोपरा दिलाय, बाजाराच्या रस्त्याला लागून. आणि बांधायचं तू. दुसऱ्या कुणाच्या हाती देणार नाही."

हौशीरामाची छाती भरून आली. शांतारामानं नकाशा उलगडला. चार खांबांची देखणी छत्री, मधोमध उंच चौथऱ्यावर संगमरवरी अर्धपुतळा, आणि भोवती चारी बाजूंनी लोखंडी कठडा.

"कठडा कशाला?"

"अरे, रस्त्यालगतची जागा. बकऱ्या येतील, पोरं चढतील. मास्तरांना कुणी हात लावता कामा नये," शांताराम म्हणाला, आणि त्याचा आवाज जरा चिरकला. त्याचंही मास्तरांवर प्रेम होतं, यात खोट काढायला जागा नव्हती.

हौशीराम नकाशा बघत राहिला. मग त्यानं विचारलं, "यात ऱ्हानार कोन, साहेब?"

"स्मारक आहे रे. राहणार कोण?" शांताराम हसला, पण लगेच घड्याळ पाहून उठला. कुदळ मारायला तो येत्या रविवारी सकाळच्या गाडीनं येणार होता.

तो गेल्यावर नंदाबाई ताट उचलता उचलता म्हणाली, "मास्तर दगडाचं? त्यास्नी गप बसल्यालं मी तर कंदी बघितलं न्हाई."

रविवार उजाडला तो दाट धुक्याचा. मार्गशीर्ष होता. लोणावळ्याचं धुकं असं की आपला हात आपल्याला पाहुण्यासारखा दिसतो. हौशीराम पहाटेच्या गाडीनं येऊन कोपऱ्यावर पोचला होता. त्यानं मनाशी ठरवलं होतं, कुदळ पडायच्या आत रेघा पडतील. आजवर त्याच्या हातून एकही काम रेघेवाचून झालं नव्हतं, आणि मास्तरांच्याच नावाचं काम तसं होऊ दिलं तर मग उरलं काय? राहायला कुणी नसेल तर आपण राहू. नकाशा तोंडपाठ होता. आधी चौथरा आखला, मग चार खांब, आणि मग कठडा. धुक्यात वाकून, मागं मागं सरकत, तो कठड्याची रेघ ओढत गेला आणि सुरुवातीला आणून मिळवली. रेघ सरळ आली होती. तो मधोमध जाऊन मांडी घालून बसला.

बाजाराला निघालेली माणसं धुक्यातून यायची, पांढऱ्या रेघा बघून वळसा घालायची आणि पुन्हा धुक्यात जायची. कुणी थांबत नव्हतं. बसल्या बसल्या हौशीरामाला गुंगी आल्यासारखं झालं. वाटलं, आपणच पुतळा आहोत आणि हे सगळं चालू जग कठड्याच्या बाहेरचं आहे.

"मास्तरचं पीठ पसारलंस व्हय, हौशीभाऊ?"

त्यानं वर बघितलं. डोईवर आवळ्यांची पाटी, अंगात नेहमीचा काळा खण, केस आता कापसासारखे. उंबराच्या वाडीची कमळाबाई.

त्याला आधी कळेना. मग कळलं. माणूस गेला की त्याच्या जागेवर पीठ पसरतात, त्यापाशी दिवा ठेवून वर पाटी झाकतात, आणि सकाळी बघतात, पिठावर पाऊल कुणाचं उमटलंय. पक्ष्याचं उमटलं तर माणूस पक्ष्याच्या जन्माला गेला, मुंगीचं तर मुंगीच्या. मास्तर परमुलखात गेले, इथं त्यांचं पीठ कुणी पसरलंच नव्हतं. कमळाबाईच्या लेखी हौशीराम तेच राहिलेलं काम करत होता.

"इतक्या वर्सांनी पसारत्यात का कुटं?" ती रागे भरली. "आनि येवढं? मास्तर काय हत्ती हुतं?"

"आगं कमळामावशे, ही फक्की हाय..." तो सांगू लागला, पण तिनं पाटी उतरवून खाली ठेवली होती आणि रेघेशी उकिडवी बसून ती माती निरखत होती. धुकं जरा विरळ झालं होतं. आतल्या ओलसर मातीवर पांढरी पावलं स्पष्ट दिसत होती, अनवाणी, रुंद, बोटं फाकलेली. आखताना पडलेली. सगळी एकाच माणसाची.

"ही तर समदी तुजीच पावलं," कमळाबाई म्हणाली. तिनं मान वर करून त्याच्याकडं नीट पाहिलं, जत्रेत हरवलेलं माणूस ओळखावं तसं. "मास्तर तुज्यात आलं व्हय रं?"

 हेच तर हौशीराम इतकी वर्षं मनात बाळगून होता, आणि ही बाई ते भर रस्त्यात बोलून मोकळी झाली. त्याला आनंद व्हायला हवा होता, पण भीती वाटली. माझ्यातच आले असतील तर मग माझ्याबरोबरच जाणार. मी आता पन्नाशीला टेकलोय.

"पाया पडून जाते," म्हणून कमळाबाई उठली आणि आत यायला निघाली. रेघेपाशी थांबली. उजवीकडं चालत गेली. कोपऱ्यावरून वळली. चौथऱ्याच्या मागून फिरून पुन्हा पुढं आली, पुन्हा वळली. पदरानं डोळे पुसून तिनं अजून एक फेरा मारला.

"दार कुटं हाय?"

 हौशीरामाची नजर रेघेवरून फिरत होती. नकाशात दार नव्हतंच.

"मास्तरच्या घराला दार न्हाई?" तिचा आवाज बारीक झाला. मग एकदम तिच्या ध्यानात आलं. "मंग तू आत कसा गेलास?"

"म्या आखतानाच आत हुतो."

"आनि आता भाईर कसा येनार?"

एक पाऊल उचललं की बाहेर, एवढंच होतं. शेंबडं पोरही ते सांगेल. हौशीराम उठून रेघेशी आला, आणि उभाच राहिला. पाय उठेना. उभ्या जन्मात भिंतीतून गेला नव्हता तो. आत हा, बाहेर ती, मध्ये बोटभर फक्की, आणि दोघंही एकमेकांकडं अशी बघत उभी होती की रस्त्यानं चाललेले दोघे सायकलवाले सायकली धरून थांबले. कमळाबाई शेवटी म्हणाली, "म्या हितंच बसते," आणि बाहेर पाटीपाशी टेकली. एवढ्या लांबून आलेली बाई मास्तरांच्या दारातही नाही, भिंतीबाहेर बसली. हौशीरामाला गलबलून आलं.

स्टेशनाकडून शांताराम आला. बरोबर भटजी, हमालाच्या डोक्यावर कुदळ, हार, नारळ. बूट करकरत होते. रेघा पाहून त्याचा चेहरा उजळला. "वा! फक्की टाकलीस? मला वाटलंच होतं. ये, ये बाहेर, मुहूर्त टळायला नको."

"कुटनं येऊ?" हौशीराम म्हणाला.

"म्हणजे काय? असा ये!" शांताराम हात पुढं करून त्याला ओढून घ्यायला तरातरा निघाला. आणि रेघेपाशी त्याचा बूट हवेतच थांबला.

तो बूट तसाच अधांतरी राहिला. मग हळूच मागं, जिथून उचलला होता तिथं टेकला. शांतारामानं आपल्याच पायाकडं पाहिलं. मुंबईत इमारतींवर इमारती चढवलेला माणूस, पंचवीस वर्षांत बहुधा एकदाही जमिनीवरच्या रेघेत बसला नव्हता. तो उजवीकडं चालू लागला. कोपऱ्यावरून वळला. मागून फिरून पुढं आला. त्याची नजर दार शोधत होती. पहिला फेरा संपताना त्याच्या कपाळावर त्या थंडीत घाम होता.

"मी दार ठेवलं नाही," तो म्हणाला. "हौशीराम, मी मास्तरांना कोंडून घातलं रे."

हौशीराम बघत राहिला तो त्या बुटाकडं. मघापासून छातीवर जे ओझं होतं ते कुणीतरी दुसऱ्या बाजूनं उचललंय असं त्याला वाटलं. इतकी वर्षं तो समजत होता की ती रेघ आता फक्त आपल्याच पायांना अडवते.

"शांताराम," तो म्हणाला. साहेब म्हणायचं राहूनच गेलं. "पूस की. फक्कीच हाय."

शांताराम गुडघ्यावर बसला. भटजी मुहूर्ताचं काही म्हणत होते, त्यांच्याकडं त्यानं पाहिलं नाही. "कुठं पुसू?" त्यानं विचारलं, पण हौशीरामानं उत्तर द्यायच्या आत कमळाबाई बसल्या जागेवरून म्हणाली, "बाजाराकडं. मानसं तिकडनंच येत्यात." शांतारामानं तळहातानं रेघ पुसली, माणूस ओझ्यासकट जाईल एवढी. हात पांढरा झाला, पँट मळली.

कमळाबाईनं पाटी पुन्हा डोईवर घेतली आणि दारानं आत आली. मधोमध चौथऱ्याच्या जागी पाटी उतरवली, पाया पडली, आणि तिथंच पाय पसरून बसली. चालून चालून दमली होती.

"मावशी," शांताराम जरा चाचरत म्हणाला, "तिथं मास्तर बसणार आहेत."

"मंग सरकते की," ती म्हणाली आणि थोडी बाजूला झाली. "लय जागा हाय. त्यास्नीबी बसू द्या, मलाबी बसू द्या."

शांताराम त्या मोकळ्या जागेकडं आणि तिच्याकडं आळीपाळीनं बघत राहिला. सायकलवाल्यांपैकी एकजण सायकल झाडाला लावून दारानं आत आला आणि आवळ्यांचा भाव विचारू लागला. त्याच्यामागून लाकडाच्या मोळ्या घेऊन दोघी आल्या, त्यांनी मोळ्या खांबांच्या जागी टेकवल्या. दारानंच आले सगळे. त्यांना मास्तर कोण ते माहीत नव्हतं, रेघेचा नियम कुणी सांगितला नव्हता. दार दिसलं, आले. धुकं उठत होतं आणि उन्हाचा एक कवडसा त्या चार न बांधलेल्या खांबांमध्ये येऊन पडला होता.

शांतारामानं दाराशी बूट काढले. मोज्यांनी आत येऊन तो हौशीरामाशेजारी बसला. हमालानं कुदळ पुढं केली तेव्हा त्यानं मान हलवली.

"आज नको," तो म्हणाला. "आधी एक दिवस राहू या."

 मास्तर गेल्यापासून न आलेलं रडू हौशीरामाला भर बाजारच्या सकाळी, एवढ्या माणसांत, आलं. कमळाबाईनं त्याच्या हातात एक आवळा ठेवला आणि लाकडाच्या मोळीवाल्यांना जरा पलीकडं सरकायला सांगितलं, कारण दारात आणखी माणसं उभी होती.